दोघींचा ताळा

दोम्नाच्या घरात एक रीत होती. गेलेल्या माणसाचं नाव निघालं, की त्यापाठोपाठ ‘देव क्षमा करो’ म्हणायचं आणि मगच पुढचं बोलायचं. माणूस ओळखीचाच असायला हवा असं नाही. रेडिओवर जहाज बुडाल्याची बातमी लागली, रस्त्यावरून कुणा परक्याची शवपेटी गेली, तरी हातातलं काम थांबायचं आणि तेवढे शब्द ओठांवर यायचे. ही रीत दोम्नाच्या आईने काळ्या समुद्रापलीकडून, निर्वासितांच्या बोटीतून आणली होती. आणण्यासारखं दुसरं तिच्याजवळ फारसं नव्हतंच. दोम्नाने ती आपल्या एकुलत्या एक मुलीला, पार्थेनाला, बोलायला शिकवता शिकवताच शिकवली. पोरीला ती इतकी अंगवळणी पडली की एकदा सिनेमात नायक गोळी लागून पडला, तशी अंधारातून हिच्या स्वच्छ आवाजात ‘देव क्षमा करो’ ऐकू आलं आणि सगळं थिएटर हसत सुटलं. दोम्ना मात्र हसली नाही. पडद्यावरचा का होईना, मेलेला माणूस विनाप्रार्थनेचा जायला नको, असं तिला मनापासून वाटायचं.

ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरात, कालामारिया वस्तीच्या उतारावर त्या दोघी राहत. दोम्नाचा नवरा खलाशी होता. पार्थेना शाळेत जायच्या आतच तो समुद्रावर असताना वारला. तेव्हापासून दोम्नाच्या अंगावर काळे कपडे होते आणि तिच्या दिवसाला नेम होता. सकाळी पानाइयाच्या, म्हणजे मेरीमातेच्या, तसबिरीपुढचा दिवा, संध्याकाळी पुन्हा दिवा. बुधवार-शुक्रवार उपास, त्या दिवशी जेवणात तेलसुद्धा नाही. ती छापखान्यात जुळारी होती. जुन्या ग्रीकमधली अक्षरावरची बारीक चिन्हं शिशाच्या खिळ्यांतून वेचून काढण्यात तिचा हात बसला होता. पुढे सरकारने ती चिन्हं रोजच्या लिखाणातून काढून टाकली आणि छापखाना बंद पडला.

त्याच सुमारास बंदराजवळच्या एका जुन्या तंबाखूच्या वखारीत नवी संस्था उघडली. प्राचीन ग्रीकमध्ये जे जे लिहिलं गेलं आणि आजवर उरलं, ते सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं, म्हणजे उद्या कुणी एखादा शब्द विचारला, तर तो कुठल्या कुठल्या पुस्तकात, कुठल्या ओळीत आहे, हे क्षणात समोर यावं, असा तो खटाटोप होता. प्रमुख होते कीर, म्हणजे श्रीयुत, स्तेर्गिओस. शाळेत जुनं ग्रीक शिकवून निवृत्त झालेले, उंच, थोडे वाकलेले, सदानकदा चष्मा पुसणारे. त्यांनी दोम्नाला घेतलं, आणि काही वर्षांनी विद्यापीठातून बाहेर पडलेल्या पार्थेनालाही घेतलं.

तिथली कामाची पद्धत साधी आणि कडक होती. प्रत्येक पुस्तक दोघांनी टाइप करायचं. दोघांच्या खोल्या वेगळ्या. एकाने काय लिहिलं ते दुसऱ्याने पाहायचं नाही आणि पुस्तक पुरं होईपर्यंत त्याविषयी आपसात बोलायचं नाही. मग यंत्र दोन्ही प्रती एकमेकींवर ठेवून ताळा घेई. जिथे फरक दिसेल तिथे थांबे आणि विचारे, यातलं खरं कुठलं? मूळ पान बघून एकाने निकाल द्यायचा. जिथे दोन्ही प्रती जुळल्या, तिथे यंत्र काहीच न बोलता पुढे जाई. ताळा पुरा झाला की दोन्हींची मिळून एक प्रत होई, आणि वेगवेगळ्या दोन प्रती पुसून टाकत. त्या ठेवायला जागा नव्हती आणि त्यांचा कुणाला उपयोगही नव्हता.

आई आणि मुलगी अशी जोडी लावायला कीर स्तेर्गिओस आधी कचरले होते. एका ताटात जेवणारी माणसं, काम सोडून दुसरं काय बोलणार, अशी त्यांना शंका होती. पण या दोघी घरी गेल्यावर पुस्तकाविषयी चकार शब्द काढत नसत. जेवताना पार्थेनाला एखादी गोष्ट सांगायचा मोह झालाच, तर ती ओठ दाबून आईकडे बघे आणि दोघी हसत. ताळ्याच्या दिवशी मात्र घरात पैज असे. जिच्या चुका जास्त, तिने आठवडाभर भांडी घासायची.

‘‘माना, बाह्या वर कर,’’ पार्थेना दारातूनच आईला म्हणे. ‘‘या खेपेला तू एक अख्खी ओळ गिळलीस.’’

‘‘माझ्या चुका म्हातारपणाच्या आहेत, पाखरा. तुझ्या कशाच्या असतात ते सांग. कोण आहे तो?’’

‘‘असता तर त्याच्याकडूनच भांडी घासून घेतली असती.’’

पार्थेना कामाला फार कसोशीची होती. एकदा भांडी विसळता विसळता ती दोम्नाला म्हणाली होती, की तुझं आणि माझं जिथे जुळत नाही ना, तिथली मला भीती वाटत नाही. यंत्र थांबतं, माणूस बघतो, दुरुस्त करतो. भीती वाटते ती दोघींनी एकच चूक केली तर. ती पुढे कुणालाच, कध्धीच सापडायची नाही. लोक तिलाच खरं मानून चालतील. दोम्नाने तेव्हा हुं केलं आणि ताटं पुसायला घेतली. बोलणं तिथेच राहिलं.

त्यानंतरच्या वसंतात पार्थेनाच्या अंगावर निळे डाग उठायला लागले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पुन्हा तपासलं, आणि मग दोम्नाला एकटीला आत बोलावलं.

उन्हाळ्यात पार्थेनाला वखारीचा जिना चढवेना. घरी बसून राहिले तर आधी डोकं मरेल, असं तिने कीर स्तेर्गिओसना फोनवर सांगितलं. त्यांनी दोन माणसांकरवी एक कॉम्प्युटर उचलून तिच्या घरी, जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला आणि सोबत नव्या पुस्तकाच्या छायाप्रती दिल्या. त्या पुस्तकाच्या लेखकाचं नावही काळाने पुसून टाकलं होतं. एका नगराला पडलेल्या वेढ्याची ती हकिकत होती. पाणी संपतं, मग धान्य, मग माणसं. कोण कुठल्या बुरुजावर कसा पडला, हे लेखकाने एकेकाचं नाव घेऊन, त्याच्या बापाचं नाव घेऊन लिहून ठेवलं होतं. पानंच्या पानं नुसते मरणारे.

दोम्ना तेच पुस्तक वखारीत बसून टाइप करत होती. नेम म्हणजे नेम. घरी आल्यावर टेबलावरच्या स्क्रीनकडे पाठ करूनच ती मुलीला सूप पाजी. काय लिहिलंस, किती झालं, विचारत नसे. त्या दिवसांत दोम्नाची बोटं कळांवर असत आणि कान टेलिफोनकडे. समोरच्या पानावरची माणसं धडाधड पडत आणि तिला त्यातलं एक नाव लक्षात राहत नसे. शेवटी शेवटी औषधांनी पार्थेनाची नजर धूसर झाली, हात कापायला लागला, बोलताना मध्येच शब्द हरवायला लागले. तरी तिने ते पुस्तक पुरं केलं. शेवटचं पान झालं त्या दिवशी तिने आईला हाक मारली आणि म्हणाली, ‘‘या वेळी भांडी माझ्याकडे, माना. मला माहिताय.’’

द्राक्षांच्या दिवसांत ती गेली.

चाळिसाव्या दिवशी दोम्नाने गहू उकडले, त्यात डाळिंबाचे दाणे आणि बदाम घातले, वर साखरेचा थर लावून त्यावर पार्थेनाच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. चर्चमध्ये प्रार्थना झाली, लोकांनी मूठ मूठ गहू घेतले आणि आपापल्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी दोम्ना कामावर आली.

वेढ्याच्या पुस्तकाचा ताळा राहिला होता. वसंतात या सगळ्या पुस्तकांची पहिली तबकडी, सीडी, काढायची होती, ती देशोदेशी जायची होती, आणि हे पुस्तक तिच्यात असणार होतं. कीर स्तेर्गिओसनी चष्मा पुसत पुसत सुचवलं, की हा ताळा आपण दुसऱ्या कुणाकडे देऊ. दोम्नाने मान हलवली. ती म्हणाली, तिच्या चुका परक्याने कशाला बघायच्या?

पण खुर्चीवर बसल्यावर तिच्या ध्यानात आलं ते वेगळंच होतं. जिथे दोघींचं जुळलं होतं तिथे पार्थेना कुठेच दिसत नव्हती. ते शब्द जेवढे तिचे तेवढेच दोम्नाचे, आणि खरं म्हणजे दोघींचेही नाहीत, त्या नाव हरवलेल्या लेखकाचे. मुलगी दिसत होती ती फक्त चुकली होती तिथे. तिथेच तिचा कापरा हात होता, तिची धूसर नजर होती, एखाद्या दुपारचा तिचा थकवा होता. आणि दोम्नाचं काम होतं त्या एकेक जागा पुसत जाण्याचं. शेवटची चूक दुरुस्त झाली की यंत्र मुलीची प्रत मोडीत काढणार, आणि तिच्या हाताचं या जगात काही उरणार नाही.

पहिल्या काही चुका नेहमीच्याच होत्या. एखादं अक्षर मागेपुढे, एखादी ओळ निसटलेली. मग पहिला माणूस मेला. पूर्वेच्या दरवाजावर, भाला लागून. यंत्र थांबलं. दोम्नाच्या प्रतीत तिथे वाक्य संपत होतं. पार्थेनाच्या प्रतीत त्यापुढे आणखी काही होतं.

देव क्षमा करो.

दोम्नाने मूळ पान जवळ ओढलं. पानावर अर्थातच असलं काही नव्हतं. तो लेखक ख्रिस्त जन्मायच्या कितीतरी आधी मातीत गेला होता. मागून कीर स्तेर्गिओस काहीतरी विचारायला आले, त्यांची नजर स्क्रीनवर गेली, त्यांनी ते वाचलं आणि काही न विचारता परत फिरले. दार लावून घेतल्याचा आवाज तिला आला.

दुपारपर्यंत तिला पुढे जाता आलं नाही. मग तिने खूण केली: माझं खरं. तिचं चूक. पुढच्या पानावर दोन भाऊ मेले होते. देव क्षमा करो. देव क्षमा करो. त्यापुढे एक म्हातारा, एक सरदार, दोरावरून उतरताना पडलेला एक गुलाम. प्रत्येकासाठी पार्थेना थांबली होती. तिने हे जाणूनबुजून लिहिलं, की औषधाच्या धुंदीत लहानपणची सवय बोटांत उतरली, ते आता कोण सांगणार? दोम्ना एकेक प्रार्थना पुसत गेली. प्रत्येक वेळी पुसण्याआधी ती ते शब्द मनातल्या मनात म्हणे, म्हणजे निदान ते वाया जायला नकोत.

पण म्हणतानाही तिच्या जिवाला शंका लागली होती. ही माणसं बाप्तिस्मा न झालेली. दुसऱ्या देवांना बळी देणारी. त्यांच्यासाठी असं म्हणणं चालतं का? रविवारी मिस्सा झाल्यावर तिने चर्चच्या पाद्रींना, पापा-लाव्रेन्दिसना, विचारलं. खरी गोष्ट सांगितली नाही. जुन्या काळच्या, ख्रिस्ताआधीच्या मृतांची नावं प्रार्थनेत घेता येतात का, एवढंच विचारलं. पापा-लाव्रेन्दिस मेणबत्त्यांची बुडखी खरवडत होते. ते म्हणाले, चर्च आपल्या लेकरांसाठी मागतं, दोम्ना. बाकीच्यांचं देव बघेल. वेदीपुढे त्यांची नावं घ्यायची नाहीत, तसा नियमच आहे. मग तिच्या काळ्या रुमालाकडे बघून त्यांनी आवाज जरा खाली आणला आणि म्हणाले, तू तुझ्या मुलीचं नाव घे, पुरे झालं.

म्हणजे पार्थेनाने शेवटची ताकद घालून जे मागितलं ते कुठेच पोचलं नव्हतं. दोम्ना घरी आली. सूपाचं भांडं चुलीवर ठेवलं आणि गॅस पेटवायचा विसरली.

ताळा संपला. कीर स्तेर्गिओसनी स्वतः येऊन दोन्ही प्रती एक केल्या. मग पार्थेनाची प्रत पुसायची वेळ आली तेव्हा त्यांनी विचारलं, ही एका फ्लॉपीवर घालून देऊ का? ठेव घरी. दोम्नाने थोडा विचार केला. घरी कॉम्प्युटर आता नव्हता, आणि मुलीच्या चुकांचा डबा कपाटात ठेवून त्याच्यापुढे दिवा लावायचा का, असंही तिला वाटलं. ती नको म्हणाली. नंतर कितीतरी दिवस तिला त्या नकाराचा पस्तावा होत राहिला.

थंडी सरत आली तेव्हा शोधायची सोय चालू झाली. इतकी वर्षं ज्याच्यासाठी खपलो ते हे, असं म्हणून कीर स्तेर्गिओसनी सगळ्यांना कॉफी पाजली, आणि पहिला शब्द दोम्नाने विचारावा असा आग्रह धरला. त्यांच्या मनात काय होतं ते सगळ्यांना कळलं. दोम्ना खुर्चीत बसली. बाकीचे कॉफीच्या किटलीभोवती बोलत उभे होते. काय विचारावं? तिने भाकरी विचारली, समुद्र विचारला. ओळीच्या ओळी धावत आल्या, लोक वाहवा करून परत किटलीकडे वळले. मग पाठीमागे कुणी नाही असं बघून तिने ते तीन शब्द लिहिले. काही सापडणार नाही हे तिला माहीत होतं. सगळे तिनेच तर पुसले होते. नाही म्हणून यंत्राने एकदा सांगावं, आणि आपण उठावं, एवढंच तिला हवं होतं.

एक ओळ आली.

वेढ्याचंच पुस्तक. क्लेआन्थिस नावाचा एक तरुण, तहानेने कासावीस झालेल्यांसाठी मडकं घेऊन भिंतीवरून झऱ्याकडे उतरला, आणि परतताना बाण लागून पडला. लेखकाने त्याला एकच वाक्य दिलं होतं. त्या वाक्यापुढे, जणू ते लेखकानेच लिहिलं असावं तसं: देव क्षमा करो.

ही जागा ताळ्यात आली नव्हती. यंत्र इथे थांबलं नव्हतं. आणि यंत्र थांबत नाही ते एकाच कारणाने. पार्थेनाने ते शब्द इथे लिहिले होते, आणि दोम्नानेही लिहिले होते. वखारीतल्या खोलीत, टेलिफोनकडे कान लावून बसलेली असताना, केव्हातरी, तिच्या नकळत. कुठल्या दिवशी? काही केल्या आठवेना. दोघी दोन ठिकाणी, एकीला दुसरीचा पत्ता नसताना, त्या एका माणसासाठी थांबल्या होत्या.

‘‘काय विचारलंत, कीरिआ दोम्ना?’’ कीर स्तेर्गिओसनी लांबून विचारलं.

‘‘काही नाही. माझंच काहीतरी,’’ म्हणून तिने स्क्रीन कोरी केली.

त्या दिवसापासून तिला एक नवा नेम लागला. सकाळी घरचा दिवा लावायचा, वखारीत यायचं, कोट खुंटीला लावायच्या आधी ते तीन शब्द विचारायचे. ओळ येई. ती वाचून मगच ती कामाला लागे. सगळ्या ग्रंथालयात, इतक्या शतकांच्या शब्दांच्या ढिगात, तिच्या मुलीचा हात एवढ्या एका जागी उरला होता, आणि त्याला तिचा स्वतःचा हात लागलेला होता. कुणाला कळणार होतं? यंत्राने ते खरं मानलं होतं. तबकडी निघाली की ती ओळ जगभर जाईल आणि राहील. थडग्यावरचा संगमरवर फुटतो. शहरात तर थडगंही तीन वर्षांचंच, मग हाडं काढून धुवून पेटीत. ही ओळ त्याच्यापुढेही राहील. दोम्ना स्वतःशीच म्हणे, यात कुणाचं काय बिघडलं? एका माणसासाठी एक प्रार्थना जास्त.

पण ओळ वाचून झाली, की भांडी विसळणाऱ्या पार्थेनाचा आवाज मागोमाग येई. भीती वाटते ती दोघींनी एकच चूक केली तर. लोक तिलाच खरं मानून चालतील. सुरुवातीला तो आवाज कामाच्या गडबडीत बुडून जाई. मग तो बुडेनासा झाला. एके दिवशी दोम्ना शब्द विचारायला बसली आणि तिच्या मनात आलं, की आपण रोज सकाळी येऊन मुलीच्या जिवाला जे लागलं असतं तेच जपत बसलोय. त्या दिवशी तिने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बुधवार होता, उपास होता. ती उठून कीर स्तेर्गिओसच्या खोलीत गेली आणि म्हणाली, एक चूक राहिलीय.

त्यांनी ओळ पाहिली. बराच वेळ पाहिली. ताळ्याच्या वेळचे ते शब्द त्यांना आठवत होते हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला, पुसला मात्र नाही.

‘‘हे असं कोण शोधायला जाणार आहे, कीरिआ दोम्ना?’’ ते हळू म्हणाले. ‘‘प्राचीन पुस्तकात हे शब्द कुणी विचारणारच नाही. मी पाहिलं नाही असं समजा. तुम्ही खोलीत आलातच नाही.’’

दोम्नाला हे अपेक्षित नव्हतं. ते रागावतील, नाहीतर निदान नियमाने वागतील, आपल्या हातून काढून घेतील, अशा आशेने ती आली होती. त्यांनी ते पुन्हा तिच्याच पदरात टाकलं. खिडकीबाहेर बंदरात एक बोट भोंगा वाजवत होती.

‘‘विचारणारा नाही,’’ ती म्हणाली. ‘‘पण वाचणारा असेल ना? क्लेआन्थिसपाशी आलेला. तो म्हणेल, हे इथे कसं आलं? मग म्हणेल, कुणी टाइप केलं हे? तिने आयुष्यात एक काम मनापासून केलं, कीर स्तेर्गिओस. त्यात ही राहायला नको.’’

‘‘मी काढू?’’

‘‘नको. अर्धी माझी आहे.’’

ती त्यांच्या खुर्चीत बसली. अक्षरं शेवटाकडून एकेक करून गेली. मग कीर स्तेर्गिओसनी उभ्याउभ्याच, तिच्या खांद्यावरून हात लांब करून, ते तीन शब्द पुन्हा विचारले. यंत्राने सांगितलं, आढळ नाही. दोघांनी ते वाचलं. दोम्ना उठली, आपल्या खोलीत आली आणि त्या दिवशीच्या पुस्तकाचं पान तिने समोर घेतलं. कसल्यातरी औषधी मुळ्यांवरचं पुस्तक होतं. संध्याकाळपर्यंत तिने ते चुकत चुकत टाइप केलं.

ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपासाच्या आधी मृतात्म्यांचा शनिवार आला. बायका आपापल्या गव्हांची ताटं घेऊन चर्चमध्ये जमल्या. प्रत्येक घरची नावं कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून ताटात खोचलेली, आणि पापा-लाव्रेन्दिस एकेक चिटोरा उचलून वाचत होते. इओर्दानिस, सोफिया, खारालांबोस. आपल्या घरचं नाव आलं की बाई छातीवर क्रुसाची खूण करी आणि पुढचं ऐकायला लागे. दोम्ना खांबाला टेकून उभी होती. नियम काय तो त्यांनी तिला स्वच्छ सांगितला होता, आणि तिने जन्मात चर्चमध्ये लबाडी केली नव्हती.

पापा-लाव्रेन्दिसनी तिचा चिटोरा उचलला. आईचं नाव वाचलं, बापाचं, खलाशी नवऱ्याचं. पार्थेना, असं वाचताना त्यांचा आवाज जरा थांबल्यासारखा झाला. त्यापुढे त्यांनी वाचलं, क्लेआन्थिस, आणि दुसरा चिटोरा घेतला. त्यांना वावगं वाटण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. त्या वस्तीत क्लेआन्थिस नावाचे तिघे होते. एक तर त्यांचा स्वतःचा साडू होता. जुनी नावं तिकडे अजून तशीच मुलांना ठेवतात.

दोम्नाने क्रुसाची खूण केली नाही. हे पाप असेल तर ते आपल्या एकटीच्या खात्यावर लागो, पोरीच्या नको, असं ती मनात म्हणत राहिली. धूप फिरला, प्रार्थना संपली, आणि बायका पायऱ्यांवर येऊन एकमेकींच्या ओंजळीत गहू घालू लागल्या. शेजारची सिमेला दोम्नापाशी आली. दोन्ही घरांमध्ये एक भिंत, त्यामुळे दोम्नाच्या घरचे सगळे मेलेले तिला तोंडपाठ होते. दोम्नाने तिच्या ओंजळीत मूठभर गहू घातले. सिमेलाने ते तोंडात टाकले, साखर जरा जास्त झाली म्हणाली, आणि चावता चावता थांबली.

‘‘हा क्लेआन्थिस कोण गं तुमच्यातला? कधी ऐकला नाही.’’

‘‘पार्थेनाच्या कामावरचा,’’ दोम्ना म्हणाली. ‘‘तिच्या ओळखीचा होता.’’

‘‘तरुण?’’

‘‘हो, तरुणच. कुणाला तरी पाणी आणून द्यायला गेला होता.’’

सिमेलाने चुकचुक केली. तोंडातला घास तसाच गालात धरून ती म्हणाली, ‘‘देव क्षमा करो,’’ आणि डाळिंबाचं बी दातांतून काढत पायऱ्या उतरायला लागली.